बेटावरचं बेटावर, खोऱ्यातलं खोऱ्यात

१८६४ साली घारापुरी बेटाच्या किनाऱ्यावर एका दगडी हत्तीला यारीचे दोर बांधले गेले. एकाच खडकातून कोरलेला हा हत्ती शेकडो वर्षं ऊन-पाऊस सोसत उभा होता, आणि आता त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं होतं. उचलताना यारी मोडली, हत्ती खाली आदळला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे इंग्लंडला गेले नाहीत. ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणले गेले. १९१४ मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर तो आजही दिसतो. त्याच्या अंगावरचे सांधे पाहायला जवळ जावं लागतं, आणि जावंच.

पोर्तुगीजांनी याच हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटलं आणि ते नाव जगभर गेलं. घारापुरीला रोज शेकडो पर्यटक उतरतात, पण हत्ती पाहायचा तर त्यांना भायखळा गाठावं लागतं.

घारापुरीहून गेलेली सर्वांत मोलाची वस्तू मात्र हत्ती नव्हे. बेटावरच्या मोठ्या शिवलेण्याच्या दारावर एक शिलालेख होता. गोव्यात राहून पोर्तुगीज राजवटीचा इतिहास लिहिणाऱ्या दिओगो दो कूतो याने त्याची हकिगत नोंदवून ठेवली आहे. पोर्तुगीजांनी तो दगड काढला, इथे कुणाला वाचता येईना म्हणून पोर्तुगालच्या राजाकडे धाडला. तिकडेही तो कुणाला वाचता आला नाही, आणि पुढे कुठे गेला ते कळलं नाही. त्या एका दगडाची किंमत अभ्यासक अजून मोजत आहेत. ही लेणी कुणी कोरवली, कोकणच्या मौर्यांनी की कलचुरींनी, यावर दीडशे वर्षं वाद झाले. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडली, त्यांचा आधार घेऊन वा. वि. मिराशी, वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या विद्वानांनी कलचुरींच्या बाजूने कौल दिला आणि काळ सहाव्या शतकाचा मध्य ठरवला. पण हे सारं अनुमान. दारावरचा लेख जागेवर राहिला असता तर राजाचं नाव, कदाचित साल, कदाचित दान देणाऱ्याचंही नाव हाती असतं.

घारापुरीला जायचं तर फक्त मोठ्या लेण्यासाठी जाऊ नये. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे तासाभरात बेट येतं. सोमवारी लेणी बंद असतात, आणि समुद्र खवळला की लाँचही बंद. धक्क्यावर उतरलं की छोटी गाडी, मग दोन्ही बाजूंच्या दुकानांमधून वर चढणाऱ्या पायऱ्या, माकडं, आणि वर काळ्या कातळात खोदलेलं ते अफाट दालन. तिथली सुमारे साडेपाच मीटर उंचीची त्रिमुखी सदाशिव मूर्ती पाहिल्यावर माणूस गप्प होतो आणि बहुतेक जण तिथूनच परत फिरतात. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारसा म्हटलं, तेही मुख्यतः या दालनामुळे.

पण बेटाला दुसरी टेकडीही आहे. पूर्वेकडच्या या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. तो शिवलेण्यांहून कितीतरी जुना, इसवी सनापूर्वीचा मानला जातो. खाली मोराबंदर या वाडीच्या बाजूला क्षत्रपांची नाणी आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरं मिळाली आहेत. सदाशिव कोरला जाण्याआधी काही शतकं या किनाऱ्याला रोमन जगाचा माल लागत होता, हे त्या खापरांवरून कळतं. मोठं लेणं राजाच्या वैभवाचं आहे. खापरं मात्र गलबतवाल्यांची, हमालांची, बंदरावर राबणाऱ्या माणसांची गोष्ट सांगतात. ज्याला बेटाचा इतिहास पाहायचा आहे त्याने वेळ काढून मोराबंदरकडे चालत जावं.

लेण्यांजवळच्या जुन्या रखवालदाराच्या बंगलीत छोटं संग्रहालय केलेलं आहे. आकाराने ते लहान असलं तरी त्याची जागा बरोबर आहे, कारण जी वस्तू किंवा जो नकाशा आत पाहिला त्याची खरी जागा बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत डोळ्यांनी पाहता येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही घारापुरीची शिल्पं आहेत. तिथला ब्रह्मा आणि भग्न महिषासुरमर्दिनी पाहून कुणीही थांबेल. ती शिल्पं तिथे सुरक्षित आहेत, लाखो लोक ती पाहतात, हे खरंच आहे. तरीही राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर या बेटावरच्या तीन वाड्यांमधल्या मुलाने ती पाहायची म्हणजे आधी समुद्र ओलांडायचा. या बेटावर कायमची वीज पोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, साडेसात किलोमीटर लांबीची केबल समुद्राखालून टाकल्यावर. जगाच्या वारसायादीत नाव लागून तेव्हा एकतीस वर्षं झाली होती.

घारापुरीच्या आसपासची गोष्ट स्तूपापाशीही सुरू होत नाही. ती त्याहून फार मागे जाते.

१९३० च्या दशकात के. आर. यू. टॉड या नौदलातल्या अधिकाऱ्याने साष्टी बेटावर, विशेषतः कांदिवलीच्या परिसरात, अश्मयुगीन दगडी हत्यारं शोधली. १९३९ मध्ये त्याचा लेख प्रसिद्ध झाला, आणि १९५० मध्ये मुंबई परिसरातल्या सूक्ष्म हत्यारांवरचा दुसरा. ही सूक्ष्म हत्यारं नखाएवढी, बोटाच्या पेराएवढी असतात. गारगोटीच्या जातीच्या कठीण दगडाचा गाभा घ्यायचा, त्याच्यावर नेमका आघात करून पातळ पाती काढायची, ती पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवायची. बाण तयार, भाला तयार, विळीही तयार. एक पातं तुटलं तर तेवढंच बदलायचं. समुद्रकाठी राहणाऱ्या, मासे आणि शिंपल्यांवर जगणाऱ्या माणसांच्या हातची ही कारागिरी आहे. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या एस. सी. मलिक यांनी मुंबई आणि सातारा जिल्ह्यांतल्या अश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास केला. कांदिवलीत मात्र आज इमारतींच्या रांगा आहेत. तिथे राहणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांना आपल्या पायाखाली कुणाचं घर होतं हे माहीत असेल? तिथे त्याची साधी पाटी असती तरी पुष्कळ झालं असतं.

ही हत्यारं घडवणाऱ्यांपैकी जे सर्वांत जुने, त्यांना बेट ठाऊकच नव्हतं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगातलं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा पश्चिमेकडे कितीतरी दूर सरकलेला. साष्टी, घारापुरी, खांदेरी ही तेव्हा कोरड्या मैदानात उभी असलेली टेकाडं होती. नंतर बर्फ वितळलं, पाणी चढत आलं आणि टेकाडांची बेटं झाली. मुंबईत पाण्याने जमीन गिळल्याचा पुरावा डोळ्यांसमोर आला तो एकोणिसाव्या शतकात. प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चाललं असताना चिखलाखाली बुडालेलं जंगल लागलं. खैराच्या झाडांचे शेकडो बुंधे, त्यांतले बरेचसे जागच्या जागी ताठ उभे. हे डॉक १८८० मध्ये सुरू झालं. जिथे पुढे जहाजं नांगर टाकू लागली तिथे एके काळी खैराचं रान होतं.

दूरच्या बेटांवर असा इतिहास जपायची चांगली पद्धत पाहायची तर स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांकडे पाहावं. तिथल्या स्कारा ब्रे या पाच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीवरची वाळू १८५० च्या वादळाने उडवून नेली आणि दगडी घरं, दगडी बिछाने, दगडी फडताळं उघडी पडली. स्ट्रॉमनेस या तिथल्या छोट्या गावात त्याही आधी, १८३७ पासून, लोकांनी स्वतः उभं केलेलं संग्रहालय आहे. पण सर्वांत बोलकं उदाहरण वेस्ट्रे या बेटाचं. लोकवस्ती सहाशेच्या आसपास. २००९ च्या उन्हाळ्यात तिथल्या उत्खननात वाळूच्या दगडाची एक बाहुली निघाली. उंची जेमतेम चार सेंटिमीटर, डोळे, भुवया, छातीवरचे वर्तुळाकार कोरीव ठिपके स्पष्ट. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या सर्वांत जुन्या कोरीव मानवी आकृतींपैकी ही एक. राजधानीच्या मोठ्या संग्रहालयाने ती मागितली असती तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. पण ती वेस्ट्रेच्याच वारसा केंद्रात ठेवली आहे. जगभरातून लोक तिला पाहायला बोटीने त्या बेटावर जातात, तिथे राहतात, तिथे जेवतात. सहाशे माणसांच्या बेटाला यातून पैसा मिळतो, आणि गावातल्या पोरांना आपली वस्तू काचेपलीकडे रोज दिसते.

आपल्याकडे असं काही होऊच शकत नाही, असं म्हणणाऱ्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातलं उक्षी पाहावं. कोकणाच्या जांभ्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली चित्रं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव सडे तुडवून त्यांची नोंद केली. २०२२ मध्ये कोकणातली काही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. काही ठिकाणी गेंडाही दिसतो, जो आज कोकणात नाही. ही चित्रं शोधताना सगळ्यांत मोठी मदत झाली ती गुराख्यांची आणि म्हाताऱ्यांची. त्यांना ती आधीपासून ठाऊक होती, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. उक्षीच्या लोकांनी आपल्या हत्तीच्या चित्राभोवती जांभ्याचं कुंपण घालून ते राखलं. बाकी कितीतरी सड्यांवर आंब्याच्या कलमांसाठी, रस्त्यांसाठी, चिऱ्याच्या खाणींसाठी यंत्रं फिरतात, तिथे एका दिवसात सगळं संपू शकतं.

आता समुद्र सोडून डोंगराकडे, पुणे जिल्ह्यातल्या विंझर गावाकडे. पुणे-सातारा रस्ता सोडून नसरापूर, मग मार्गासनी, मग विंझर आणि पुढे वेल्हे. एका बाजूला राजगड, समोर तोरणा. शनिवारी-रविवारी पुण्या-मुंबईहून गडांवर जाणाऱ्या गाड्या या रस्त्याने धावतात. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात राजगड आहे. त्याच यादीत खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे समुद्रातले गडही आहेत. घारापुरीच्या मोठ्या लेण्याचं झालं तेच इथे होण्याची भीती आहे. लोक गड पाहतात आणि परत जातात. खोऱ्यातली गावं वाटेत लागतात, तेवढीच.

घारापुरीचा कातळ आणि राजगडचा कातळ एकाच लाव्हाच्या थरांतला आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या त्या लाव्हाच्या पोकळ्यांमध्ये ज्या गारगोट्या तयार झाल्या त्यांचीच सूक्ष्म हत्यारं समुद्रकाठच्या माणसांनी घडवली. इथल्या कानंदी आणि गुंजवणी नद्यांच्या काठी नांगरताना पायाला लागणारी गारगोटी तीच. म्हणून शेतात एखादी पातळ, दोन्ही कडा धारदार, एका बाजूला टवके उडालेली गारगोटी मिळाली तर ती फेकून न देता जाणकाराला दाखवावी. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पांढरीच्या मातीत दडलेलं हे गाव डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी यांनी १९६८ पासून पुढची अनेक वर्षं खोदलं. इ.स.पू. १६०० ते ७०० एवढ्या काळातली शंभराहून जास्त घरं निघाली. घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं निघाली, त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. लहान मुलं दोन रांजणांत, रांजणांची तोंडं एकमेकांना लावून पुरलेली. नदीचं पाणी शेताकडे वळवणारा पाट निघाला. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या जगण्याचा इतका सविस्तर आणि इतका जुना दाखला दुसरीकडे क्वचितच मिळतो. त्या वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. विंझरच्या शाळेची सहल तिथे एका दिवसात जाऊन येऊ शकते.

पण या खोऱ्यांचं खरं धन कागदात आहे, आणि ते घरांत आहे. बारा मावळांच्या देशमुखांपैकी काही म्हणजे कानद खोऱ्याचे मरळ, गुंजण मावळाचे शिळीमकर, रोहिड खोऱ्याचे जेधे, हिरडस मावळाचे बांदल. या घराण्यांच्या दप्तरांनी मराठ्यांचा इतिहास बदलला आहे, हे अतिशयोक्तीने म्हटलेलं नाही. भोर तालुक्यातल्या कारीच्या जेध्यांच्या घरी एक शकावली होती. लोकमान्य टिळकांनी ती प्रसिद्धीस आणली. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला, हे ठरवताना तिचा पुरावा सर्वांत मोलाचा ठरला. एका खेड्यातल्या घराने ती पानं जपली म्हणून आज राज्यभर त्या तारखेला सुट्टी असते. वि. का. राजवाडे असल्याच कागदांसाठी गावोगाव पायी फिरले आणि वाण्यांच्या दुकानांतून, रद्दीतून, माळ्यांवरून त्यांनी जे वाचवलं त्यातून १८९८ पासून साधनांचे खंड निघाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं तेही यासाठीच. जे कागद त्यांच्या हाती लागले नाहीत ते वाळवीने खाल्ले, पुरात गेले, चुलीत गेले.

मावळात अजून बरंच उरलं आहे. देवळांपुढे वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला हा दगड वाचायला सोपा असतो. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत अप्सरांनी त्याला वर नेणं, वरच्या चौकटीत शिवपिंडीची पूजा, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. जीर्णोद्धार निघाला की हेच दगड सिमेंटमध्ये गाडले जातात, पायरीला लावले जातात, नाहीतर त्यांना चकचकीत ऑइलपेंट फासला जातो. देवाच्या भक्तीने केलेलं हे काम असतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. भाटघरच्या जलाशयाखाली गेलेली जुनी देवळं उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडी पडतात आणि लोक ती पाहायला भोरच्या बाजूला जातात. पाण्याने त्यांना जेवढं राखलं तेवढं कधीकधी कोरड्या जमिनीवरच्या देवळांना आपण राखलेलं नाही.

आणि रोजच्या वापरातलं सामान? इरलं, कणगी, जातं, उखळ, भात कांडायचं मुसळ, लाकडी नांगर, धान्य मोजायची पायली आणि अधोली. वीस वर्षांपूर्वी ही कुठल्याही घरात होती. आज ती ढाब्यांच्या भिंतींवर सजावट म्हणून टांगलेली दिसतात. दिनकर केळकरांनी असल्याच वस्तू, दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये शासनाला दिल्या, म्हणून पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. एका माणसाच्या ध्यासाने ते झालं. एका गावाने ठरवलं तर एक खोली भरायला किती वेळ लागेल?

विंझरला, किंवा राजगडाच्या पायथ्याच्या कुठल्याही गावाला, मोठी इमारत लागत नाही. ग्रामपंचायतीची किंवा शाळेची एक कोरडी खोली, कुलूप लागणारं कपाट, आणि एक नोंदवही पुरे. वहीत वस्तूचं नाव, कुणाच्या घरची, कुठे सापडली, कधी वापरात होती. मोडी कागद कुणी देऊ नयेत, मूळ घरीच ठेवावेत. त्यांची छायाचित्रं मात्र जरूर काढू द्यावीत. गावातल्या सत्तरी उलटलेल्या माणसांकडून शेतांची, पाणवठ्यांची, वाटांची नावं शाळेच्या मुलांनी लिहून घ्यावीत. जमिनीत नाणी किंवा दागिने सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जुन्या मूर्ती सापडल्या तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्या विकणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि विकलेली वस्तू पुन्हा गावाला दिसत नाही.

येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत विंझर-मार्गासनी परिसरातल्या एखाद्या शाळेच्या सहावी-सातवीच्या मुलांनी गावातले सगळे वीरगळ मोजावेत, मोजपट्टी ठेवून त्यांची छायाचित्रं काढावीत आणि यादीची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक पुरातत्त्व विभागाला द्यावी. मोठ्यांनी तेवढं करावं की तोवर त्या दगडांना रंग लावू नये.